नडगीचा दाखला

सुई डाव्या नडगीत शिरली तेव्हा बिरू हसत होता. भूल दिलेली असल्यामुळे त्याला फक्त हाडातून वर चढणारी घरघर जाणवत होती. काचेपलीकडे त्याची थोरली बहीण जनाई बसली होती. तिला तो हातवारे करून सांगत होता, की बोअरची गाडी आलीय, थांब जरा, आता पाणी लागेल.

पाणी लागलं नाही. यंत्राने तांदळाच्या कणीएवढा हाडाचा तुकडा उपसून काढला, लेसरने त्याची वाफ केली, वाफेतले अणू वजनाप्रमाणे वेगळे करून मोजले, आणि चार मिनिटांनी दारावरचा दिवा लाल झाला.

"बिरू धाकू झोरे," टेबलामागची अधिकारी बाई म्हणाली. आवाज सौम्य होता. "तुमचे केस इथले आहेत. तुमचं हाड इथलं नाही. गेली आठ वर्षं तुम्ही उत्तर संघात राहिलेला नाहीत."

बिरूने आधी जनाईकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे.

"मग मी हुतो कुठं?" त्याने मराठीतच विचारलं.

उत्तर संघाचा कायदा साधा होता. आठ वर्षं सलग, कायदेशीर वास्तव्य केलं की नागरिकत्व मागता येई. पूर्वी त्यासाठी घरभाड्याच्या पावत्या, पगारपत्रकं, शेजाऱ्यांचे जबाब लागायचे. मग यंत्रं हे सगळं इतकं हुबेहूब बनवू लागली, की २०५४ साली चौदा हजार माणसं देशात पाऊल न टाकता नागरिक झाली. शेजाऱ्यांचे फोनवरचे आवाजसुद्धा बनावट निघाले. लग्नाची प्रमाणपत्रं तर कोणी उघडूनही बघेनासं झालं. तेव्हा संसदेने ठरवलं, की जे छापता येत नाही तेवढंच मानायचं. माणसाचं हाड अजून कोणाला छापता आलेलं नव्हतं.

त्यामागचं विज्ञान जुनंच होतं. खडकात रुबिडियम नावाचं मूलद्रव्य असतं. त्याचा एक प्रकार अतिशय सावकाश, अब्जावधी वर्षांत, स्ट्रॉन्शियममध्ये बदलतो. ८७ वजनाच्या स्ट्रॉन्शियममध्ये. खडक जितका जुना आणि त्यात रुबिडियम जितकं जास्त, तितकं हे ८७ वालं स्ट्रॉन्शियम वाढत जातं. उत्तर संघाची जमीन पावणेदोन अब्ज वर्षांच्या ग्रॅनाइटवर होती; तिथे ८७ आणि ८६ वजनाच्या स्ट्रॉन्शियमचं गुणोत्तर ०.७३च्या आसपास. सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा, त्यामानाने कालचं पोर, तिथे ०.७०६. स्ट्रॉन्शियम अगदी कॅल्शियमसारखं वागतं. ते मातीतून पिकात, पिकातून पोटात आणि पोटातून हाडात जाऊन बसतं, आणि शरीराला त्यातला फरक कळत नाही. केसांत पिण्याच्या पाण्याची खूण सापडते, पण ती काही महिन्यांचीच. हाड हळूहळू झिजतं आणि हळूहळू भरतं. गेल्या कित्येक वर्षांचं जेवण त्यात साठलेलं असतं. उत्तीर्ण व्हायला ०.७१८ लागत होतं. बिरूच्या हाडात ०.७०९ निघालं होतं.

यंत्राच्या लेखी अर्थ सरळ होता: हा माणूस तपासणीआधी काही महिने येऊन राहिला, केस वाढवले, बाकीचा काळ तो सह्याद्रीत होता.

परतताना बसमध्ये जनाईने वाफाळलेल्या काचेवर बोटाने आकडे मांडले. ती हाल्वेन शहराच्या हॉस्पिटलात प्लास्टरच्या खोलीत तंत्रज्ञ होती. हाडं रोज हाताखालून जायची, पण हे गणित तिने कधी केलं नव्हतं. दुसरा थांबा यायच्या आत तिला उत्तर सापडलं.

"आंबील," ती म्हणाली.

"आत्ता? बसमधी?"

"गाढवा, तुझ्या हाडात आंबील हाय. आठ वर्षांची."

कोयनेच्या वरच्या अंगाला दहा-बारा घरांच्या धनगरवस्तीत त्यांचा बाप धाकू झोरे म्हशींची आणि माणसांची हाडं बसवायचा. हाड बसवून वरून बांबूच्या कामट्या बांधल्या, की त्याचं औषध एकच, नाचणी. गव्हाच्या आठ-दहापट कॅल्शियम असतं नाचणीत. धाकूला ते ठाऊक नव्हतं, पण गुण ठाऊक होता. बिरू बहिणीच्या मागोमाग या देशात आला, लाकडाच्या वखारीत लागला आणि पहिल्याच महिन्यात मनगट तडकवून बसला. तेव्हा जनाईने आईला कळवलं. तेव्हापासून साळूबाई दर चार महिन्यांनी वस्तीवरच्या नाचणीचं पोतं पार्सलने धाडत होती. सकाळी थर्मासभर आंबील, संध्याकाळी भाकरी. हाड जुळलं तरी जनाईने ते थांबू दिलं नाही, आणि बिरूनेही बहिणीचा शब्द इमानाने पाळला. तिला स्वतःला मात्र पाळ्यांच्या नोकरीमुळे हॉस्पिटलच्या खानावळीतच जेवावं लागे. इथलं दूध, इथले मासे, इथला पाव. दोन वर्षांपूर्वी तिच्या तपासणीला दिवा हिरवा लागला होता.

त्यांनी अपील केलं. सहाव्या दिवशी उत्तर आलं: आहाराचं कारण या वर्षी नऊ हजार अर्जदारांनी दिलं आहे. दुसरी आणि शेवटची तपासणी एकशे ऐंशी दिवसांनी होईल. तीत दिवा लाल लागल्यास कायमची हद्दपारी.

"कायमची म्हणजे कायमची का?" आयलाने विचारलं.

आयला ही बिरूची बायको, इथलीच. वखारीत ओंडके उचलायची क्रेन चालवायची. लग्न ठरलं तेव्हा बिरूने आईला फोनवर तिचं नाव सांगितलं, तर साळूबाईला वाटलं पोरगं शिवी देतंय. अजूनही ती सुनेचं नाव घेताना पदर तोंडाला लावायची. आयलाला आता चौथा महिना होता. वडील तिच्याच घरी अंथरुणाला खिळलेले होते, त्यांना सोडून तिला कुठे जाता येणार नव्हतं. बिरू गेला तर मुलाचा बाप पडद्यावरच राहणार होता.

"कायमची म्हणजे कायमची," जनाई म्हणाली.

त्या आठवड्यात प्लास्टरच्या खोलीत दावित नावाचा एक कामगार आला. डावी नडगी फुटून कातडीबाहेर आली होती. शिडीवरून पडलो, म्हणाला. पण शिडीवरून पडलेल्याच्या हाडाला पीळ बसलेला असतो. इथे समोरून, एकाच जागी, चार-पाच घाव होते, आणि जागा नेमकी तपासणीची सुई जाते तीच होती. जनाई त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिली. संध्याकाळपर्यंत त्याला धाप लागली, छातीवर लाल ठिपके उठले. मोडक्या हाडातल्या मज्जेची चरबी रक्तातून फुप्फुसात गेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

मोडलेल्या जागी हाड नवं येतं, आणि ते नवं हाड आजच्या जेवणातून बनतं. आठ वर्षांचं काम चार-पाच महिन्यांत. हे कोणाच्या तरी डोक्यात आलं होतं, आणि शहराच्या कडेला हातोड्याने नडग्या फोडून देणारे लोक बसले होते. सरकारला हे कळलेलं होतं. पण अपघात व्हायला बंदी नव्हती, आणि इतकी मोडकी माणसं तपासायला वेळही नव्हता.

बिरूला हे वखारीत आधीच कळलं होतं.

"आक्का, तू मोड," तो सरळ म्हणाला. "बापाची कला तुझ्या हातात हाय. तुला ठावं हाय कुठं, कसं."

जनाईने त्याच्या थोबाडीत मारली.

"बाप बसवत हुता रं! मोडत न्हवता."

"म्हशीचं वाकडं जुळल्यालं हाड पुन्हा मोडून बसवायचा की. म्या सोता बघितलंय."

"म्हशीला ना तपासणी हुती, ना जीभ. चल, ऊठ."

तो उठला, पण तिसऱ्या दिवशी सकाळी आयलाचा फोन आला. बिरू वखारीत पोचलाच नव्हता.

जुन्या बंदराजवळ मोटारींचं एक बंद गॅरेज होतं; प्लास्टरच्या खोलीत येणाऱ्या मोडक्या माणसांच्या तोंडून जनाईने त्याचा पत्ता ऐकला होता. जनाई शटरखालून वाकून आत शिरली तेव्हा बिरू कामाच्या टेबलावर पट्ट्यांनी बांधलेला होता आणि त्याच्या दातांत चामड्याचा तुकडा होता. पावेल नावाचा माणूस एप्रन बांधून हातोडा तोलत होता. पहिला घाव आधीच बसला होता. चुकून नडगीच्या कडेला. कातडी फाटून रक्त टेबलावरून खाली ठिबकत होतं, हाड मात्र शाबूत होतं, आणि बिरू तोंडातल्या चामड्यामागून गुरासारखा हंबरत होता.

जनाईने मागून पावेलचा हात धरला. त्याने तिला झटकून भिंतीवर आपटलं आणि तोंडावर कोपर मारलं. तिचा ओठ फाटला. ती खाली पडली तिथे चाकाचा पाना हाताला लागला. माणसाचा गुडघा समोरून मार सोसतो. बाहेरच्या बाजूने सोसत नाही, हे तिला दहा वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं. तिने पाना बाहेरच्या बाजूने, सगळ्या अंगाचा जोर लावून हाणला. काहीतरी तुटल्याचा आवाज झाला आणि तो एवढा मोठा माणूस बसकण मारून ओरडायला लागला. तो हात टेकून उठायला गेला, तसा तिने हातोडा उचलून त्याच्या बोटांवर घातला. गरज एका घावाची होती. तिने तीन घातले.

बिरूच्या पट्ट्या सोडताना आपल्याला भीती वाटत नाहीये, दुसरंच काहीतरी वाटतंय, हे तिच्या लक्षात आलं आणि तिने तो विचार तिथेच टाकून दिला.

"आता तू मोड," बिरू तोंडातलं चामडं थुंकून म्हणाला. "न्हाईतर उद्या मी दुसरा पावेल हुडकतो."

चार दिवसांनी, जखमेची सूज उतरल्यावर, तिने त्याची नडगी मोडली. त्याच्याच स्वयंपाकघरात, दुपारी, आयलाला वडिलांच्या खोलीत पाठवून. हॉस्पिटलातून भुलीची कुपी आणली होती, पण तिने वरची कातडी बधिर झाली, आतलं हाड नाही. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा लहान झाला. कपबशी जरा जोरात ठेवावी तेवढा. बिरूने टेबलाची कड धरली होती, तिचा लाकडी ढलपा त्याच्या नखाखाली घुसला. हाड सरळ, आडवं, एका रेषेत मोडलं होतं. तिने ते जुळवलं, प्लास्टर घातलं आणि मग न्हाणीघरात जाऊन ओकली.

बाहेर आली तेव्हा बिरू घामाने निथळत हसत होता. "बाप असता तर म्हणाला असता, पोरीचा हात हलका हाय."

पुढचे दोन महिने ती त्याला खाऊ घालत होती. इथल्या गाईचं दूध दिवसाला दोन लिटर, काट्यांसकट खाता येणारे लहान मासे, ग्रॅनाइटच्या विहिरीचं पाणी. नाचणीचं उरलेलं पोतं तिने कालव्यात ओतलं. बिरू म्हणायचा, की आता हंबरायचं तेवढं राहिलंय. आयला त्याच्या प्लास्टरवर पाळण्याची चित्रं काढायची, आणि तो कुबड्या बाजूला टेकवून खरा पाळणा तासत बसायचा.

अठ्ठावन्नाव्या दिवशी जनाईने प्लास्टरला खिडकी पाडली, बारीक सुईने नव्या हाडाची कणी काढली आणि तपासणीच्या दुकानात नेली. तशी दुकानं आता शहरात नाक्यानाक्यावर निघाली होती. बाहेर लोक डबीत आपापलं हाड घेऊन रांगेत उभे असायचे.

०.७१४.

ती दुकानाच्या पायरीवर बसली. चूक तिची होती, आणि ती तिला आधीच कळायला हवी होती. मोड भरायला शरीराला कॅल्शियम लागतं ते एकदम आणि खूप. जेवणातून येणाऱ्यावर ते थांबत नाही. बाकीच्या सांगाड्यातून उसनं घेतं. बिरूची नवी नडगी त्याच्या बरगड्यांतल्या, मणक्यांतल्या, दुसऱ्या पायातल्या नाचणीतून बनली होती. अजून चार महिन्यांत आकडा फार तर ०.७१६ होईल. दोन सहस्रांश कमी.

उपाय होता. म्हाताऱ्यांच्या ठिसूळ हाडांसाठी एक इंजेक्शन असतं. ते जुन्या हाडातून कॅल्शियम बाहेर पडू देत नाही. ते आधी दिलं आणि मग नवं हाड धरायला लावलं, तर त्याला जेवणावाचून दुसरी वाट राहत नाही. पण त्यासाठी हाड पुन्हा नवं धरायला हवं होतं.

तिने ते सांगितलं तेव्हा बिरू पाळण्याची कड कानशीने घासत होता. कानस थांबली.

"न्हाई," तो म्हणाला.

"दोन मिनिटांचं काम हाय, बिरू. मागल्या खेपेला—"

"मागल्या खेपेपासनं मला रोज सपनात त्यो आवाज येतोय. दोन म्हैनं. भांडं वाजलं तरी मुतायला हुतंय मला, आक्का. तुला सांगितलं न्हाई. आता न्हाई."

"आणि दिवा लाल लागला तर?"

"लागू दे. जाईन. वस्तीवर म्हशी राखीन."

"आणि हे?" तिने पाळण्याकडे बोट केलं.

त्याचा चेहरा पडला. पण उत्तर आयलाने दिलं. ती दारात उभी होती. लाकडं फोडायची कुऱ्हाड तिच्या हातात होती. लाकडं फोडूनच ती आली होती, पण तिने कुऱ्हाड खाली ठेवली नाही.

"तो नाही म्हणाला," ती तिच्या भाषेत, हळू म्हणाली. "तुला ऐकू आलं ना?"

"तुला आकडे कळत नाहीत, आयला."

"नाही कळत. तुझा चेहरा कळतो. तू त्याच्या पायाकडे बघतेस तेव्हा तुला तो दिसत नाही, पायच दिसतो. जा आता."

जनाई गेली. आठ वर्षं आंबील करून पाजली ती आपण, असं ती वाटभर स्वतःशी म्हणत होती. त्याला घालवलं आपण, तर ठेवायचंही आपणच. गणितात कुठे चूक नव्हती. तिने ते तीनदा तपासून पाहिलं.

पुढच्या आठवड्यात ती गेली ती माफी मागत. बिरू विरघळला, तो लहानपणापासून तसाच होता. सुजेवरचं आहे असं सांगून तिने त्याला इंजेक्शन दिलं. त्याने दंड पुढे केला, काही विचारलं नाही.

आणखी पाच दिवसांनी, रविवारी, प्लास्टर बदलायचा दिवस होता. आयला वडिलांना फेरतपासणीला घेऊन गेली होती. बिरू खाटेवर आडवा झाला, पाय तिच्या मांडीवर दिला आणि वखारीतल्या मुकादमाची नक्कल करून दाखवू लागला. मुकादम शिंकला की ओंडके कसे घरंगळतात, ते सांगताना तो स्वतःच इतका हसला, की तिला कातर थांबवावी लागली.

प्लास्टर निघालं. पाय बारीक, पांढरा, सालपटलेला. मोडीच्या जागी नव्या हाडाचा उंचवटा बोटाला लागत होता, अजून कोवळा.

"आक्का, तुझं हात लई गार हायत."

"डोळं मीट," ती म्हणाली. "भुगा उडतोय."

त्याने डोळे मिटले.

या खेपेला भूल नव्हती. भुलीची सुई बघून तो समजला असता. तिने गुडघा त्याच्या मांडीवर रोवला, दोन्ही हातांची पकड घेतली आणि बापाने म्हशीचा वाकडा पाय उघडावा तसं, एका झटक्यात, केलं. हाताला तो आवाज आता ओळखीचा होता. तिला स्वतःला जे नंतर कधीच विसरता आलं नाही ते हे, की त्या एका क्षणी तिला बरं वाटलं. नेमकी जागा, नेमका जोर. काम चोख झालं होतं.

मग बिरूची किंकाळी आली.

ती ओसरल्यावर त्याने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. समोर कोण बसलंय ते ओळखू येत नसावं, तशी ती होती.

"तू इचारलं बी न्हाईस," तो म्हणाला.

"इचारलं असतं तर तू न्हाई म्हणाला असतास."

त्याने खाटेशेजारची कुबडी उचलली आणि तिच्या तोंडावर मारली. तिचे दोन दात तुटले. दुसरा घाव कानशिलावर बसला, तिसरा गळ्याखालच्या आडव्या हाडावर. तिथे कडकन वाजलं आणि तिचा डावा हात लुळा पडला. पण पाय मोकळा सोडला असता तर टोकं सरकली असती, हाड वाकडं जुळलं असतं, कातडीतून बाहेर आलं असतं. म्हणून तिने उजव्या हाताने आणि छातीने दाबून पाय धरून ठेवला. तो मारत होता आणि ती हाड बसवत होती. तिचं रक्त त्याच्या नव्या प्लास्टरच्या पट्टीत कालवलं गेलं. तो मारून दमला, तेव्हा पट्टी सुकत आली होती.

"जा," तो म्हणाला. "तुझं तोंड दावू नगंस."

त्याने कुठे तक्रार केली नाही. केली असती तर मोड अपघाताची नाही हे कागदावर आलं असतं आणि तपासणी बाद झाली असती. पुढचं प्लास्टर त्याने दुसऱ्या शहरात जाऊन काढून घेतलं. जनाईने आयलाला संदेश पाठवले: रोज दोन लिटर दूध, दुसरं इंजेक्शन सहाव्या आठवड्यात, पायावर भार अमुक तारखेनंतर. उत्तरं आली नाहीत, पण संदेश वाचले जात होते, एवढं दिसायचं. साळूबाई फोनवर विचारायची, बिरू का बोलत न्हाई गं, नाचणी का नगं म्हणतोय. जनाई म्हणायची, त्याला सध्या काम फार हाय. दात पडल्यामुळे तिचं बोलणं आईला नीट कळायचं नाही.

एकशे ऐंशीव्या दिवशी तिने रजा घेतली आणि घरातच बसून राहिली. नव्या नागरिकांची यादी चौथ्या दिवशी नगरभवनाच्या भिंतीवरच्या पडद्यावर लागत असे. ती सकाळी सातला जाऊन उभी राहिली. तिच्या आजूबाजूला लंगडणारी बरीच माणसं होती. नावं वर सरकत गेली.

झोरे, बिरू धाकू. वास्तव्य सिद्ध. ०.७१८३.

तीन दशसहस्रांश. इंजेक्शन एक आठवडा उशिरा दिलं असतं तरी हुकलं असतं. जनाई तिथल्या तिथे, थंड फरशीवर उकिडवी बसली आणि हमसून रडली. शेजारच्या कोणीतरी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, बाई, तुमचं कोण राहिलं?

"न्हाई, झालं," ती म्हणाली. "पास झालं."

त्यानंतर तेरा दिवसांनी एक तरुण अधिकारी प्लास्टरच्या खोलीत आला. जनाई त्या वेळी एका माणसाच्या डाव्या नडगीला पट्टी गुंडाळत होती. अधिकाऱ्याने ती गाठ मारेपर्यंत वाट पाहिली, मग नाव विचारून खात्री केली आणि पाकीट दिलं.

आत एकच पान होतं. नागरिक बिरू धाकू झोरे यांनी आपल्या हक्काचा वापर करून जनाई धाकू झोरे यांना कायमची मनाई केली होती. त्यांच्यापासून, त्यांच्या घरापासून आणि कामाच्या जागेपासून दोनशे मीटर. पत्र, फोन, तिसऱ्या माणसातर्फे निरोप, यांपैकी काहीही नाही. मोडल्यास तुरुंगवास. अर्जाची तारीख यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती.

"कारण लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

"नागरिकाला कारण द्यावं लागत नाही," अधिकारी म्हणाला. "परदेशी रहिवाशाला असा अर्ज करताच येत नाही. नागरिकाचा तो पहिल्या दिवसापासूनचा हक्क आहे."

खाली संरक्षित व्यक्तींची नावं होती. बिरू. आयला. आणि तिसरं एक नाव, जन्मतारखेसकट. सतरा दिवसांची मुलगी. नाव इथलं होतं. जनाईने ते ओठातल्या ओठात दोनदा म्हणून पाहिलं, पण पडलेल्या दातांतून त्यातलं एक अक्षर तिला नीट म्हणता येईना.

"इथे सही करा. समजलं म्हणून."

तिने सही केली. अधिकाऱ्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि तो दाराकडे वळला.

"एक विचारू?" ती म्हणाली. "अर्ज द्यायला तो स्वतः आला होता?"

"हो."

"चालताना लंगडत होता का?"

अधिकाऱ्याने तिच्या तोंडाकडे, मग एका बाजूला उतरलेल्या तिच्या खांद्याकडे पाहिलं.

"तुम्हाला त्यांच्याबद्दल काहीही सांगायचा मला अधिकार नाही," तो म्हणाला, आणि दार ओढून घेऊन गेला.